लाल दिव्याची गाडी

विजेच्या बाबतीत खालापूर आणि कर्जत हे दोन तालुके खानदानी आहेत. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुराऐवजी पाण्याच्या विजेवर चालाव्यात, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ते १९०४ मध्ये गेले, पण पुढच्या पिढीनं ती तडीस नेली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. वर लोणावळ्याकडे तळी बांधायची, पावसाळ्यात ती भरून घ्यायची आणि ते पाणी मोठाल्या नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली, थेट खोपोलीत आणून चक्रावर सोडायचं, असा सगळा बेत. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीलाही तसंच वीजघर उभं राहिलं. तिथून बाहेर पडणारं पाणी पेज नदीत जातं आणि भर उन्हाळ्यातही तिला वाहती ठेवतं. कर्जतच्या शेतकऱ्याला वीज कधी येईल याचा भरवसा नसला, तरी वीज काढून घेतलेलं पाणी मात्र वेळेवर मिळतं.

अशा घराण्यात, खुद्द खोपोलीत, विजेअभावी गाडी बंद पडणं ही लाज आणणारी गोष्ट आहे. ती लाज माझ्या साडूंनी आणली.

साडू हे नातं बाहेरच्याला समजावून सांगणं कठीण आहे. दोन परके पुरुष एकाच घरचे जावई होतात आणि उरलेला जन्म एकमेकांशी तुलना होण्यात घालवतात. सासऱ्यांनी आम्हा दोघांना लग्नात सारख्याच वजनाची अंगठी दिली होती. पुढचं ज्यानं त्यानं बघायचं होतं. साडूंनी बघितलं. आज त्यांचं ठाण्यात घर आहे, कर्जतला फार्महाऊस आहे आणि गेल्या वर्षीपासून लाल रंगाची, दोन माणसांची, परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार आहे. सेकंडहँड आहे, २००० सालाच्या आसपासची आहे, पण हे दोन तपशील साडू सांगत नाहीत. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. एक तर झाल्या प्रकारात कंपनीचा काही दोष नाही, आणि साडू ते नाव ज्या जर्मन खाकरणीसकट उच्चारतात ती मला लिहून दाखवता येणार नाही.

या गाडीचं इंजिन मागे आणि सामानाची जागा पुढे. बसायची जागा इतकी खाली की आत शिरताना माणूस साष्टांग नमस्काराच्या निम्म्यापर्यंत पोचतो. दरवाजा लावला की शेजारच्या ट्रकचं फक्त चाक दिसतं. रविवारी सकाळी मुंबईतून अशा पुष्कळ गाड्या एक्सप्रेसवेवर निघतात. खालापूरच्या टोलनाक्याजवळच्या फूड मॉलपाशी त्या रांगेत उभ्या राहतात, आणि एरवी कोणाच्या लग्नाला वेळ नसलेले गृहस्थ एकमेकांच्या गाडीची बॉनेटं उघडून तासतासभर आत बघत उभे असतात. एक्सप्रेसवेवर कारला मर्यादा ताशी शंभरची, घाटात त्याहूनही कमी, आणि आता जागोजागी कॅमेरे. अडीचशेच्या वेगानं जाऊ शकणारी गाडी घेऊन करायचं काय? साडूंनी यावर तोडगा काढला आहे. वेग शंभरच्या आत ठेवायचा आणि गिअर तिसऱ्याच्या वर न्यायचा नाही. काटा मर्यादेत राहतो आणि आवाज पनवेलपर्यंत जातो. (हा तिसरा गिअर वाचकांनी लक्षात ठेवावा. आम्ही कोणी ठेवला नव्हता.)

तर या गाडीला एक खोड होती. मधूनच बॅटरी बसायची. चावी फिरवली की मागून इंजिनाच्या गर्जनेऐवजी ‘टक टक टक’ एवढंच ऐकू यायचं. साडूंनी बॅटरी बदलली. काही दिवस गाडी उत्तम चालली आणि पुन्हा बसली. त्यांनी त्याहून महाग बॅटरी टाकली. तीही काही दिवस उत्तम चालली आणि बसली. सगळे मेकॅनिक इथेच फसतात आणि सगळे बॅटरीवाले इथेच जगतात. नवी बॅटरी दुकानातून भरूनच येते. गाडीत तिला कोणी भरलं नाही तरी ती आपल्या पुंजीवर काही दिवस सेल मारून देते आणि मालकाला वाटतं, रोग बरा झाला.

बॅटरी बदलून भागेना तेव्हा साडूंनी शास्त्रीय निरीक्षण सुरू केलं. त्यातून निष्पन्न झालं ते असं: गाडी ते एकटे असताना कधीच बसत नाही. शेजारी त्यांची पत्नी, म्हणजे माझी थोरली मेहुणी, असली की बसते. हा निष्कर्ष त्यांनी श्रावणातल्या एका जेवणावळीत सर्वांसमक्ष मांडला. मेहुणी बँकेत अधिकारी आहेत. त्यांनी शांतपणे विचारलं, “आणि त्या दोन बॅटऱ्यांचे पैसे कोणाच्या खात्यातून गेले?” चर्चा तिथे थांबली, पण साडूंचा निष्कर्ष बदलला नाही. मला तो तेव्हा निव्वळ नवरेपणा वाटला होता. त्यात थोडं भौतिकशास्त्र होतं हे नंतर कळलं.

ज्या रविवारची ही गोष्ट आहे त्या दिवशी साडूंनी मला शेजारी बसवलं. दोघी बहिणी मागून आमच्या जुन्या, पांढऱ्या, चारचौघींसारख्या हॅचबॅकमधून आल्या. कळंबोली सोडताच साडूंनी तिसरा गिअर टाकला तेव्हा मी, दोन मुलांचा बाप या नात्यानं, हात जोडून त्यांना गाडी हळू घ्यायला सांगितलं. पाहुण्याचा मान म्हणून त्यांनी सहावा गिअर टाकला, एसी लावला, दिवसाढवळ्या हेडलाइट लावून दाखवले, सीट गरम करायची सोय ऑक्टोबरच्या उन्हात चालू करून दाखवली, आणि अशा रीतीनं विजेवर चालणारं जे जे म्हणून त्या गाडीत होतं ते सगळं मला दाखवत आम्ही खोपोलीला उतरलो. पळसदरीवरून कर्जतला जायचं होतं. शिळफाट्याला वडा खाण्यासाठी साडूंनी गाडी थांबवली आणि चावी काढली.

वडा चांगला होता. गाडी सुरू झाली नाही. या वेळी ‘टक टक’ सुद्धा नाही. डॅशबोर्डवरचे दिवे एकदा मंद पेटले आणि विझले. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. आजवर दोष त्यांच्या पत्नीत होता. तो आता सासुरवाडीच्या एकूण मंडळींत असावा, असं त्या नजरेत होतं.

बंद पडलेल्या साध्या गाडीकडे खोपोलीत कोणी मान वळवून बघत नाही. हे गाव बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. इथे पिढ्यान्‌पिढ्या गाड्या बंदच पडत आल्या आहेत. पण लाल स्पोर्ट्स कार बंद पडली की माणसं कामं टाकून येतात. पाच मिनिटांत आमच्याभोवती जाणकारांचं कडं तयार झालं. वडेवाल्याचं मत पडलं, बॅटरी. रिक्षावाला म्हणाला, पेट्रोल संपलं असेल, मोठ्या लोकांच्या ते ध्यानात राहत नाही. एका ट्रक ड्रायव्हरनं विचारलं, “शिंगरोबाला नाणं टाकलं होतं का?” जुन्या घाटरस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, असं सांगतात. वरून जाणारा ड्रायव्हर तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाही. साडू म्हणाले, आम्ही मुंबईहून आलो, घाट चढलोच नाही. “मग तर झालंच,” ड्रायव्हर म्हणाला, “कोणाचंच काय टाकलं नाही तुम्ही.” एका आजींनी महडला जाऊन यायला सुचवलं. महडचा वरदविनायक इथून जवळ. तिथला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतो आहे, असं सांगतात. एकशे तीस वर्षांहून अधिक काळ दिवा लावून ठेवण्याचा अनुभव असलेलं ते पंचक्रोशीतलं एकमेव ठिकाण, त्यामुळे आजींचा सल्ला विषयाला धरूनच होता.

मग धक्का मारायचं ठरलं. गाडी हाताच्या गिअरची, तेव्हा ही सूचना वेडी नव्हती. ट्रक असा सुरू होतो, जीप होते, पूर्वीची अँबॅसडर तर हँडल मारूनही व्हायची. सहा जण मागे लागले. धरायचं कुठे हा प्रश्न आला, कारण गाडीला सरळ अशी बाजूच नव्हती, सगळीकडून ती निसटतीच. तरी पोरांनी पळवली. साडूंनी गिअर टाकला, गाडीनं एक गचका दिला आणि उभी राहिली. पुन्हा पळवली, पुन्हा गचका. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा फिरवलं की ते विजेशिवाय पेट घेतं. इथे पेट्रोलचा पंप विजेवर, ठिणगी विजेवर, आणि ठिणगी केव्हा पाडायची ते ठरवणारा संगणकही विजेवर. बॅटरी पार कोरडी असेल तर ही गाडी माथेरानपर्यंत ढकलत नेली तरी सुरू होणार नाही. (आणि माथेरानात मोटारींना बंदी आहे.)

आता बॅटरी बघायची म्हणून साडूंनी पुढचं बॉनेट उघडायचं बटण दाबलं. ते उघडेना. बॉनेटचं कुलूप विजेवर चालतं. वीज बॅटरीत. बॅटरी बॉनेटच्या आत. हे ऐकून कड्यात पहिल्यांदाच शांतता पसरली. एवढी किंमत देऊन माणसानं अशी सोय विकत घेतली आहे, हे पचवायला मंडळींना वेळ लागला.

ट्रक ड्रायव्हरला दया आली. त्यानं आपला ट्रक आणला, जाड जंपर केबल काढल्या आणि म्हणाला, माझ्या बॅटरीवरून मारा सेल. तेवढ्यात मागून कोणी तरी ओरडलं, “ए, ठेव खाली! चोवीसची हाय ती!”

हे वायरमन मामा. ओळीतल्या ट्रकच्या गॅरेजात बसणारे. साठीच्या पुढचे, बनियनवर शर्ट उघडा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ट्रकला बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणजे चोवीस व्होल्ट. बारा व्होल्टच्या मोटारीत ते सोडले असते तर आतले सगळे संगणक एका क्षणात जळून साडूंच्या हाती केवळ लाल पत्रा उरला असता. ड्रायव्हरला हे माहीत नव्हतं असं नाही. घाईत त्याच्यातला परोपकार पुढे गेला.

मामांनी गाडीला एक फेरी मारली आणि साडूंना विचारलं, “फ्यूजचा डबा कुठं?” तो ड्रायव्हरच्या पायापाशी निघाला. आत अशाच प्रसंगासाठी एक पिन ठेवलेली असते; ती बाहेर ओढून तिला बाहेरून बारा व्होल्ट दिले की कुलूप उघडतं. पुस्तिकेत हे लिहिलेलं आहे. पुस्तिका बॉनेटच्या आत होती. मामांनी रिक्षावाल्याला खुणावलं. रिक्षाच्या चिमुकल्या बॅटरीतून दोन तारा आल्या, एक त्या पिनेला, एक दरवाज्याच्या लोखंडी बिजागरीला, आणि बॉनेट ‘खट्’ करून उघडलं. रिक्षावाल्यानं भोवतालच्या गर्दीकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही.

मामांनी मीटर काढला. त्याच्या पाठीवर चिकटपट्टी होती, पण आकडे स्पष्ट दिसत होते. बॅटरी ११.४. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी आरामात असताना १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी उरली, बाराच्या खाली गेली की सेल मारायची आशा सोडायची. साडू विजयानं म्हणाले, “बघा! बॅटरीच गेली. दुसरी टाकून द्या.”

“मेली नाय, उपाशी हाय,” मामा म्हणाले. मग वरच्या डोंगराकडे हात करून म्हणाले, “साहेब, पाऊस पडला नाय आन वळवणचं तळं आटलं, तर तुम्ही नवीन तळं खणणार काय?”

वळवणच्या तळ्याचं पाणी मामांच्या डोळ्यांदेखत खोपोलीत उतरत आलेलं. त्यांना दुसरा दाखला शोधावा लागला नाही. बॅटरी साठवते, करत नाही. करतो तो अल्टरनेटर. मामांच्या पिढीतले लोक त्याला अजून डायनामो म्हणतात. पूर्वीच्या मोटारींत खरोखरच डायनामो असायचा. इंजिन हळू फिरलं की त्याचा जीव जायचा, सिग्नलला थांबलं की हेडलाइट पिवळे पडायचे. १९६० मध्ये अमेरिकेत क्रायस्लरनं आपल्या व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर बसवला आणि हळूहळू सगळ्यांनी तीच वाट धरली. चुंबक आणि तार यांपैकी एक स्थिर ठेवून दुसरं हलवलं की वीज येते, हे फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं. खोपोलीच्या वीजघरातली अजस्र यंत्रं आणि साडूंच्या इंजिनाशेजारचा तो नारळाएवढा डबा या दोघांचंही पोट त्याच एका शोधावर चालतं. फक्त वीजघराचं चक्र पाण्यानं फिरतं आणि डब्याचं पट्ट्यानं.

तेवढ्यात दोघी बहिणी हॅचबॅक घेऊन आल्या. मामांनी आमची गाडी पुढे घ्यायला लावली. जंपर केबल लावल्या: आधी दोन्ही बॅटऱ्यांचे अधिक, मग आमचा उणे, आणि दुसऱ्या गाडीचा उणे बॅटरीला न लावता लोखंडी बॉडीला, म्हणजे ठिणगी उडालीच तर बॅटरीतल्या वायूपासून लांब उडते. माझ्या पांढऱ्या हॅचबॅकनं धुगधुगत वीज दिली आणि लाल स्पोर्ट्स कार गरजून उठली. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहीत नाही. साडूही मराठी वाचतात.

केबल काढल्यावर एका उत्साही तरुणानं सल्ला दिला, “इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघा. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला.” ही तपासणी महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजात कोणी ना कोणी केलेली आहे. डायनामोच्या काळात ती खपून गेली. आता बॅटरी अचानक काढली की अल्टरनेटरची वीज उसळते आणि पुढचा खर्च संगणकापासून सुरू होतो. मामांनी त्याला उत्तर दिलं नाही. फक्त त्याच्या हातातला पाना काढून घेतला.

इंजिन सुरू, बॅटरीवर मीटर: १२.१. थोड्या वेळानं १२.०. सुरू इंजिनाला हा आकडा पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान हवा. म्हणजे अल्टरनेटर काही देत नव्हता, गाडी माझ्या हॅचबॅकनं दिलेल्या उसन्यावर चालली होती. पट्टा ताणलेला होता, घसरत नव्हता. साडूंनी पुण्यातल्या आपल्या तज्ज्ञ मित्राला फोन लावून स्पीकरवर ठेवला. अल्टरनेटर पूर्ण बदलावा लागेल, जर्मनीहून मागवावा लागेल, दीड महिना आणि दीड लाख लागतील, असं त्यानं वडगाव बुद्रुकमधून गाडी न बघता सांगितलं. साडूंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. गाडीच्या इतमामाला साजेसा आजार निघाला होता.

“रेस करा,” मामा म्हणाले.

साडू याच आज्ञेची वाट बघत होते. इंजिन गुरगुरलं, मग ओरडलं, वडेवाल्याच्या बरण्या हलल्या. आणि मीटरचा आकडा एकदम उडाला: १४.२. साडूंनी पाय काढला, इंजिन शांत झालं, तरी आकडा १४.२ वरच राहिला. मामांनी गाडी बंद करून पुन्हा सुरू करायला लावली. पुन्हा १२. पुन्हा आरडाओरडा, पुन्हा १४.२. गर्दीनं टाळ्या वाजवल्या.

मामांनी चष्मा वर केला. “चावी फिरवल्यावर, सेल मारायच्या आधी, बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो का?”

“नाही!” साडू अभिमानानं म्हणाले. “लाल दिवा आमच्या गाडीत आजवर कधी लागलेलाच नाही.”

२०१७ च्या मे महिन्यात मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे निघाले तेव्हा अनेकांना हळहळ वाटली होती. पण लाल दिवा नसल्याचं दुःख चेहऱ्यावर मला पहिल्यांदा दिसलं ते मामांच्या. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. अल्टरनेटरच्या पोटातला चुंबक कायमचा नसतो, विजेनं तयार होतो. म्हणजे वीज करायला आधी चिमूटभर वीज लागते. ती चिमूट बॅटरीकडून निघते, डॅशबोर्डावरच्या त्या लाल दिव्यातून जाते आणि एका बारीक तारेनं अल्टरनेटरपर्यंत पोचते. म्हणून चावी फिरवल्यावर दिवा लागतो. अल्टरनेटर जागा होऊन स्वतः वीज करू लागला की तारेच्या दोन्ही टोकांना दाब सारखा होतो आणि दिवा विझतो. दिवा लागतच नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नसून, चिमूट पोचतच नाही असा आहे. तरीही लोखंडात जुनं थोडं चुंबकत्व उरलेलं असतं. इंजिन खूप जोरात फिरवलं तर तेवढ्यावरही अल्टरनेटर जागा होतो, आणि एकदा जागा झाला की गाडी बंद करेपर्यंत झोपत नाही.

आमच्यापैकी हे सर्वांत आधी मेहुणींना कळलं. बँकेतला हिशेब आणि हा हिशेब यांत त्यांना फरक वाटला नसावा. त्या म्हणाल्या, “म्हणजे हे एकटे असले की तिसऱ्या गिअरमध्ये बोंबलत जातात, तेव्हा ती चार्ज होते. मी शेजारी असले की माणसासारखी चालवतात, तेव्हा होत नाही.”

“बरोबर बोलल्या ताई,” मामा म्हणाले.

साडू काही बोलले नाहीत. माझी बायको मात्र नंतर घरी पोचेपर्यंत अधूनमधून हसत होती.

आता तार कुठे तुटली ते बघायचं. गाडी मामांच्या गॅरेजातल्या खड्ड्यावर घ्यायची ठरली. तो खड्डा ट्रकसाठी. त्याच्या तोंडाशी जो उंचवटा होता तो ट्रकला जाणवतही नसेल, पण साडूंच्या गाडीचं पोट त्यावर टेकत होतं. याच तालुक्यात उंबरखिंडीत १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी अरुंद वाटेत कोंडली. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. साडू सुकाणू धरून बसले होते ते साधारण तशाच अवस्थेत. शेवटी फळ्या टाकून, हातभर पुढे, बोटभर मागे करत गाडी आत गेली.

मामा खाली उतरले. आधी अल्टरनेटरच्या त्या छोट्या टर्मिनलला त्यांनी आपल्या टेस्ट लॅम्पमधून बारा व्होल्टचा स्पर्श दिला. इंजिन अगदी हळू फिरत होतं, तरी वर मीटर पटकन १४.२ झाला. म्हणजे अल्टरनेटर धडधाकट. मग मीटर एसीवर लावून पाहिला. डायोड फुटला असेल तर तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा नाचतो, इथे जवळजवळ काहीच नव्हतं. अल्टरनेटर मागे, बॅटरी पुढे, मध्ये गाडीभर लांब जाड तार, तीही तपासली. एका टोकाला १४.२, दुसऱ्या टोकाला १४.१. जर्मनीहून काही मागवायची गरज नव्हती. दीड लाखांचा आजार साडूंच्या हातातून निसटत चालला होता, ते त्यांना बघवत नव्हतं.

“गाडी उभी कुठं असते आठवडाभर?” खालून आवाज आला.

“फार्महाऊसला. कर्जतच्या पुढे. शेजाऱ्यांचं भाताचं कोठार आहे, त्याच्या पडवीत. सावली असते.”

मामा हसले. कर्जत हे भाताचं गाव. इथल्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या ‘कर्जत’ नावाच्या जाती कोकणभर लावल्या जातात. भात आहे तिथे उंदीर आहे, आणि पावसाळ्यात शेतात पाणी भरलं की उंदराला कोरडी, उबदार, उंचावरची जागा लागते. नुकतंच थांबलेलं इंजिन याहून चांगली जागा कर्जत तालुक्यात दुसरी नाही. इंजिनाच्या कडेच्या कोनाड्यातून मामांनी मूठभर पेंढा, भाताचा कोंडा, साडूंच्या चामडी सीटच्या कव्हराचा एक तुकडा आणि कुरतडलेल्या निळ्या तारेची दोन टोकं बाहेर काढली. उंदरानं जाड, महागडी केबल सोडून नेमकी तीच बारीक तार तोडली होती.

तारेचा तुकडा जोडला, डाग दिला, वर नळी चढवली. “चावी फिरवा.” डॅशबोर्डावर लाल दिवा लागला, साडूंच्या आठवणीत पहिल्यांदाच. सेल मारला, इंजिन सुरू झालं, दिवा विझला, मीटरवर १४.२. हेडलाइट, एसी, गरम सीट, सगळं लावून पाहिलं, १३.९. मामांनी दोनशे रुपये सांगितले.

साडूंनी पाचशेची नोट पुढे केली. मामांनी तीनशे परत दिले. साडूंनी विचारलं, “बाकी काही बदलायला हवं का? काहीही?” मामांनी विचार करून सांगितलं की बॅटरी वारंवार पार कोरडी झाल्यानं तिचं आयुष्य घटलं आहे, घरी नेऊन चार्जरवर रात्रभर नीट भरा, आणि पडवीत मांजर पाळा. पुण्याच्या तज्ज्ञाला साडूंनी संध्याकाळी फोन केला तेव्हा मी शेजारीच होतो. “एक्सायटेशन सर्किटमध्ये फॉल्ट होता,” ते सांगत होते, “बायोलॉजिकल कारणानं.”

पुढच्या रविवारी सकाळी माझा फोन वाजला. साडू कर्जतहून बोलत होते, आवाज घाबरलेला.

“लाल दिवा लागलाय!”

“इंजिन सुरू आहे?”

“नाही. आत्ताच चावी फिरवली.”

“मग लागणारच. मामांनी सांगितलं होतं. सेल मारा.”

गर्जना ऐकू आली.

“आता?”

“आता गेला.”

“मग झालं तर.”

“हो, पण आधी लागला होता ना,” साडू म्हणाले. “दुसरी बॅटरी टाकून घेऊ का?”

मागून मेहुणींचा आवाज आला, “फोन ठेवा आणि सहावा टाका.”